नियम क्रमांक चौदा

१ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. वही ऑफिसातली आहे, रिटायर होताना चुकून बरोबर आलेली. वर ठळक अक्षरात 'आवक' छापलंय. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली, त्यामुळे शब्द परका वाटत नाही.

महत्त्वाची नोंद : आजपासून मी आमच्या बिल्डिंगचा अध्यक्ष. एकमतानं. ही म्हणते, एकमत कसलं, चौथ्या मजल्याची पाळी होती. चौथ्यावर घरं दोनच, एक आमचं आणि एक समोरच्या हेडबाईंचं. त्या आता व्हीलचेअरवर असतात, म्हणून नको म्हणाल्या. म्हणजे शेवटी माझ्याबद्दल एकमतच झालं ना! हिला राजकारण कळत नाही.

संकल्प : रोज पाचला उठणे. (आज सहा झाले, पण रविवार आहे.) गुडघ्याचे व्यायाम. कोणाशी वाद न घालता बिल्डिंग सुधारणे.

३ मार्च, मंगळवार. दुपारी ३

नियमांची वही वाचून काढली. हेडबाईंनी एकवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली, तेव्हा त्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. तेवीस नियम. प्रत्येक नियमात काहीतरी 'करता येणार नाही'. अध्यक्षाला हे करता येणार नाही, बहुमताला ते करता येणार नाही. मग लोकशाहीला करता येणार तरी काय?

नियम तीन फारच घातक. अध्यक्षपद दरवर्षी पुढच्या मजल्याकडे. म्हणजे माझ्या सुधारणांना मूळ धरेपर्यंत खुर्ची खाली तळमजल्यावर. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. दवाखानाही तिथेच. सज्जन माणूस, पण दृष्टी एकेका दाताएवढी.

नियम चौदा वाचून तर हसूच आलं. 'कितीही मतं पडली तरी लिफ्ट बंद ठेवता येणार नाही.' अहो बाई, लिफ्ट बंद करा असं म्हणणार कोण? उगाच पानं भरवायची. आमच्या वेळी ऑफिसात असे कागद थेट खालच्या कप्प्यात जायचे.

हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, बाईंनी घातलाय म्हणजे काहीतरी कारण असेल. ही रोज संध्याकाळी बाईंकडे चहाला जाते, त्यामुळे हिचं मत तटस्थ धरता येत नाही.

८ मार्च, रविवार. रात्री ८

ऐतिहासिक दिवस.

बैठक तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. अठरा घरं, अठराही हजर. बाई लिफ्टनं खाली आल्या, हीच खुर्ची ढकलत घेऊन आली. मी अकरा मिनिटं बोललो. म्हणालो, एकवीस वर्षांपूर्वीच्या कागदानं आपले हात का बांधून घ्यायचे? आजच्या लोकांची इच्छा हाच आजचा नियम! बहुमत ज्या बाजूला ती बाजू खरी! टाळ्या पडल्या. तळमजल्याच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वाजवल्या, एवढा मोकळा माणूस मला वाटला नव्हता.

ठराव मंजूर, १७ विरुद्ध १. नियमांची वही रद्द. शिवाय शिस्त लागावी म्हणून माझ्या तीन सूचना, त्याही मंजूर. मत द्यायचं तर हॉलमध्ये स्वतः हजर राहून, आणि घर ज्याच्या नावावर त्यानंच. बरोबर सातला दार बंद, मग बाहेर कोणीही असो. आणि एकदा झालेला निर्णय पंधरा दिवस उकरून काढायचा नाही. वॉचमनला जवळ बोलावून सांगितलं की सात म्हणजे सात. तो म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी जीव देईन.

एक मत विरोधात, ते बाईंचं. त्यांनी हात वर करून विचारलं की अध्यक्ष, लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत फरक काय? मला कोड्यात पकडायला बघत होत्या. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो की काही फरक नाही, एकाच वस्तूची दोन नावं, जसं आवक आणि इनवर्ड. हशा पिकला. बाईही हसल्या. म्हणाल्या, ठीक आहे, पेपर अजून पुढे आहे.

वर येताना लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. दोघी जाळीबाहेर बघत होत्या. माझं भाषण डोक्यात घोळत असावं.

९ मार्च, सोमवार

नियमांची वही रद्दीत दिली. रद्दीवाल्यानं पुठ्ठा फाडून वेगळा ठेवला. हिनं गॅलरीतून पाहिलं आणि आत जाऊन भांडी जरा जोरात घासली.

१५ मार्च, रविवार. रात्री ८.१५

आजची बैठक तांत्रिकदृष्ट्या यशस्वी. सातला दार बंद झालं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

डॉक्टरांनी ठराव मांडला. लिफ्ट सुरू झाली की त्यांच्या दवाखान्यातली वीज कमी-जास्त होते आणि पेशंटच्या तोंडात ड्रिल अडखळतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावाल्यांना जाळीच्या दाराचा खडखडाट सोसत नाही. तळमजला लिफ्ट वापरतच नाही. सबब, लिफ्ट बंद ठेवावी.

मला वाटलं गंमत चालली आहे. मग हात वर झाले. अध्यक्ष या नात्यानं मीच मोजले. बारा. पुन्हा मोजले, पुन्हा बाराच. तळमजला, पहिला, दुसरा, प्रत्येकी चार घरं. विरोधात तिसऱ्या मजल्याचे चार, मी आणि बाई. बारा विरुद्ध सहा.

मी म्हणालो, पण असा एक नियम आहे ना? सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाई छताकडे बघत होत्या.

त्यानंतर कोणीतरी म्हणालं की अध्यक्ष हॉलच्या जवळ राहणारा असला तर बरं. तेरा हात. डॉक्टर नवे अध्यक्ष. मी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. खिलाडूपणा अंगात असावा लागतो. लिफ्टच्या खोलीची किल्ली काढून दिली. जुन्या ट्रंकेच्या कुलपाला लागते तेवढी किल्ली, पण हातातून गेल्यावर हात हलका झाल्यासारखा वाटला, म्हणजे चांगलंच झालं.

अंमलबजावणी उद्या सकाळी सातपासून. शेवटच्या फेरीला बाई आमच्याबरोबर होत्या. तिसरा मजला गेल्यावर त्यांनी हात लांब करून जाळीला एकदा बोट लावलं.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ७.०५

लिफ्ट बंद झाली. जिन्यानं चढणं-उतरणं हृदयाला उत्तम. माझ्या जिद्दीची तर बात सोडा. एकवीस वर्षांपूर्वी पाय मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये होतो, तरी ऑफिस एक दिवस चुकवलं नाही. लोक अजून नाव काढतात. (निदान परवापर्यंत काढत असावेत.)

चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. ही मोजून आली.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी १२

प्रयोग केला. एक मजला उतरलो, एकवीस पायऱ्या, साडेदहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं काम बंद केलं. वर यायला पंचवीस मिनिटं आणि हिचा खांदा. वाटेत तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांची आई भेटली. काका, तुम्हीच ना त्या दिवशी बोललात, असं म्हणून पुढे गेली. काय बोललात ते विचारायचं राहून गेलं.

गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, चढणं वाईट, उतरणं त्याहून वाईट, जिना शक्यतो बघूसुद्धा नका. आमच्या दारातून बाहेर पडलं की समोर दोनच गोष्टी, एक बंद लिफ्ट आणि दुसरा जिना.

सध्या घरीच थांबण्याचं ठरवलं आहे. स्वेच्छेनं.

१९ मार्च, गुरुवार

नवी व्यवस्था. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. वॉचमन दूध, भाजी, पेपर घालतो, आपण ओढायचं. माझीच कल्पना. ही म्हणते बाईंची, पण दोरी मी शोधली.

पिशवीतून अध्यक्षांना पत्र पाठवलं. विषय : लिफ्ट पूर्ववत सुरू करणेबाबत. जावक क्रमांक १. तासाभरानं उत्तर वर आलं, पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली. डॉक्टरांनी फार आदरानं लिहिलं होतं की आपल्याच सूचनेनुसार निर्णय पंधरा दिवस उकरता येत नाही, कृपया दात सांभाळा.

कागद कोथिंबिरीनं ओला झाला होता. तसाच फाइल केला.

२१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

पाच दिवस झाले. दिवाणखाना बारा पावलं, गॅलरी चार. गॅलरीतून रस्त्यावरचा माणूस डोक्याच्या बाजूनं दिसतो. डॉक्टरांना टक्कल पडतंय ही माहिती यामुळेच मिळाली.

विमावाले (दुसरा मजला) वर येऊन म्हणाले, काका, चौघं मिळून खुर्चीवरून खाली नेतो, थोडी हवा खाऊन या. मी नकार दिला. ज्यानं अध्यक्षपद भूषवलंय त्यानं वरातीसारखं जिन्यातून जायचं? समोरून बाईंचाही नकार आला. त्यांनी दार उघडंच ठेवलेलं असतं, त्यामुळे ऐकू आलं. म्हणाल्या, मी सामान नाही.

बरोबर बोलल्या. दोघांचाही नकार, म्हणजे चौथा मजला एकसंध आहे.

ही दिवसातून तीनदा खाली-वर करते. आज सोफ्यावर टेकून तळपाय चोळत बसली होती. मी म्हणालो, बघ, तुझा व्यायाम होतोय. हिनं दुसरा पाय चोळायला घेतला. हल्ली हिची उत्तरं फार कमी झाली आहेत.

२४ मार्च, मंगळवार

वाईट बातमी. बाईंना आठवड्यातून दोनदा पायांच्या व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागतं. लिफ्ट बंद झाल्यापासून गेल्याच नाहीत. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते, तिचा फोन आला. ७ एप्रिलला येऊन आईला कायमची घेऊन जाणार. लिफ्ट सुरू झाली तरच विचार बदलेल.

ही सांगताना रडली. म्हणाली, एकवीस वर्षांची माझी संध्याकाळ तुम्ही रद्दीत घातली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तांत्रिकदृष्ट्या मी वही रद्दीत घातली होती, संध्याकाळ नव्हे. हे मी बोललो नाही. लिहून ठेवतो आहे एवढंच.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी ९

मोठा शोध!

पोराटोरांचं नागरिकशास्त्राचं पुस्तक बाईंकडून मागून आणलं. त्यांनी पुस्तकाबरोबर एक जाडसर पाकीटही पाठवलं होतं, पण ते नंतर बघू, आधी महत्त्वाचं. रात्रभर डोक्यात एकच विचार होता, की बारा जणांनी मिळून सहा जणांना कोंडलं, हात मोजून, अगदी कायदेशीर. मग चुकलं कुठे?

पान ४१. प्रजासत्ताकात सत्ता लोकांचीच असते, पण लोकांवरही एक लिहून ठेवलेला नियम असतो. काही हक्क असे की ते बहुमतानंही काढून घेता येत नाहीत.

म्हणजे बारांना वाटलं म्हणून सहांची लिफ्ट बंद करता येत नाही! हे असं मीच शोधून काढलं. लोकशाही तर आपल्याकडे आहेच, कमी आहे ती प्रजासत्ताकाची! ताबडतोब हिला सांगितलं. ही म्हणाली की हेच तर नियमांच्या वहीत होतं. मी म्हणालो, वहीत त्रोटक होतं.

संकल्प : पाच एप्रिलला रविवार आहे, पंधरा दिवसांची मुदत संपलेली असेल. त्या बैठकीत नियम चौदा परत आणायचा. दहा मतं लागणार. भाषणाचा कच्चा खर्डा आजच सुरू.

२८ मार्च, शनिवार

अडचण. आमच्याकडे सहा मतं, त्यातली दोन चौथ्या मजल्यावर अडकलेली. बाई उतरू शकत नाहीत. स्वतः हजर राहणं सक्तीचं.

ही म्हणाली, मी जाते ना तुमच्या जागी. मला समजावून सांगावं लागलं की घर ज्याच्या नावावर त्यालाच मत, असा नियम आहे. कोणी केला, हिनं विचारलं. मी म्हणालो, सभेनं. ही म्हणाली, घराला निम्मे पैसे माझ्या बांगड्यांचे होते. मी म्हणालो, ते खरं, पण नोंद माझ्या नावाची.



१ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६

ही चार दिवस मजल्यामजल्यानं फिरते आहे. मला आज कळलं. पाय सुजलेत तरी फिरते. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले बाईंचे विद्यार्थी निघाले, ते आपल्या बाजूला. पहिल्या मजल्यावरच्या तिघी म्हणाल्या की आमच्याही आया म्हाताऱ्या होणार आहेत. चार मतं फुटली. तिसऱ्या मजल्याची चार धरून आठ.

आठ आणि आठ. सोळा जण हजर राहतील तर बरोबरी. मी उतरलो तर नऊ विरुद्ध आठ. जिंकलो!

म्हणजे सगळं शेवटी माझ्यावर आहे. मला आधीपासून तसं वाटतच होतं.

हिशेब : चौऱ्याऐंशी पायऱ्या, एकेक अर्ध्या मिनिटाची, बेचाळीस मिनिटं. सव्वासहाला निघायचं. ही म्हणाली, साडेपाचला निघा. मी म्हणालो, मला आवक-जावकाचं वेळापत्रक शिकवू नकोस.

५ एप्रिल, रविवार. रात्री ७.४०. (दवाखान्यातली बाकं)

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सव्वासहाला निघालो. बसून उतरण्याचं तंत्र काढलं होतं, एकेका पायरीवर बसायचं आणि खाली सरकायचं. पँटचं थोडं नुकसान. तिसरा मजला ठरल्या वेळी. दुसरा मजला ठरल्या वेळी. तिथे विमावाले दार ओढून खालीच निघाले होते. मला बघून थांबले. म्हणाले, काका, काळजी नको, मी आपल्याच बाजूनं आहे. मला वाटलं, मत असणं वेगळं आणि समजून असणं वेगळं. त्यांना लोकशाही आणि प्रजासत्ताक यांतला फरक नीट समजावून सांगितला. पान ४१ तोंडपाठ होतं. भाषणाचा सरावही झाला. नऊ मिनिटं लागली.

मग ते धावत उतरले आणि पोचले.

मी पोचलो तेव्हा हॉलचं घड्याळ काचेतून दिसत होतं. सात वाजून सहा मिनिटं. दाराला आतून कडी. वॉचमन काचेपलीकडे उभा. मी हातानं खूण केली. त्यानं डोळे खाली घातले. मग काचेला तोंड लावून म्हणाला, साहेब, सात म्हणजे सात. तुम्हीच सांगितलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. इतका प्रामाणिक माणूस मी तयार केला.

आत हात वर झाले. आठ. मी बाहेरून हात वर केला. आतल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांनाही बरं वाटलं नाही. पण हात हॉलच्या आत असावा लागतो. मग विरोधाचे हात. आठ. बरोबरी म्हणजे आहे तसंच. पुढचे पंधरा दिवस बोलायचं नाही.

हात खाली घ्यायचा मी विसरलो होतो. सगळे बाहेर पडले तेव्हा तो वरच होता.

आता वर चढता येत नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या बाकांवर गादी टाकून दिली. समोर एक भलामोठा प्लास्टरचा जबडा आहे. रात्रभर तो आणि मी.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ११

सकाळी पिशवी खाली आली. टूथब्रश, गोळ्या, धुतलेला सदरा आणि बाईंचं ते जाडसर पाकीट, जे मी बघायचं ठेवलं होतं. चिठ्ठी नव्हती. ही चिठ्ठीशिवाय पिशवी सोडत नाही.

पाकिटात नियमांच्या वहीची कार्बन कॉपी. बाईंनी दोन प्रती ठेवल्या होत्या, अर्थात. मी असतो तर तीन ठेवल्या असत्या. शिवाय त्या वेळच्या बैठकीचा वृत्तांत. नियम चौदाखाली लिहिलंय :

'वीज वाचवण्यासाठी लिफ्ट बंद ठेवावी असा बहुसंख्य सभासदांचा आग्रह होता. चौथ्या मजल्यावरील एका सभासदाचा पाय मोडला असून त्यांना रोज ऑफिसला जाणे आहे. एका माणसाची वाट चौदा माणसांच्या हातांवर अवलंबून असू नये. सभेला हे पटले, सबब हा नियम. नियम मांडणाऱ्या सभासदाला स्वतःला लिफ्टची गरज नाही.'

तीनदा वाचलं. पेशंट येऊन बसायला लागले, तरी वाचत होतो.

तो पाय माझा होता.

तीन महिन्यांत ऑफिस एक दिवस चुकवलं नाही ते असं. एकवीस वर्षं मी त्याला जिद्द म्हणत आलो. बाई तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायच्या. मला आता आठवतंय. लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

एक पेशंट म्हणाला, आजोबा, फार दुखतोय का? मी म्हणालो, हो.

७ एप्रिल, मंगळवार. तिसऱ्या मजल्याचा जिना. वेळ माहीत नाही

सकाळी नऊला चढायला लागलो. बाई जाण्याआधी वर पोचायचं होतं. साडेदहाला दुसरा मजला ओलांडून वळणावर बसलो असताना वरून आवाज आले. विमावाले, डॉक्टर, वॉचमन आणि बाईंचा जावई. मध्ये लाकडी खुर्ची, खुर्चीला कमरेशी चादर बांधलेली, चादरीत बाई. पाठीमागून ही, हातात बाईंची पर्स.

माझ्यामुळे वाट अडली. त्यांनी खुर्ची टेकवली. बाई आणि मी एकाच उंचीवर आलो.

मी म्हणालो, बाई, चौदा वाचला. पाय माझा होता. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, मी तिथे होते.

मग त्यांनी विचारलं, काय हो, फरक सांगता का आता?

पान ४१ आठवेना. मी म्हणालो, लोकशाहीत हात मोजतात. प्रजासत्ताकात काही गोष्टींसाठी हात वर करायचाच नसतो.

बाईंनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. शाळेत अशाच बघत असतील. म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे. पेपर संपल्यावर लिहिलंत.

चौघांनी खुर्ची उचलली. मी भिंतीला चिकटलो. जाताना बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वर सरकायला लागलो. तिसऱ्याच्या जवळ आलो आणि एकदम खडखडाट झाला. लिफ्ट! तीन आठवड्यांनी! डॉक्टरांनी किल्ली फिरवली होती. खालून त्यांचा आवाज आला, बाईंच्या मुलीला सांगत होते की ठराव माणसांच्या वापराबद्दल होता, सामानाबद्दल नाही, सामान खुशाल लिफ्टनं उतरवा.

आमचा जिना लिफ्टला गुंडाळून वर जातो, त्यामुळे जाळीतून सगळं दिसतं. लिफ्ट रिकामी वर गेली. थोड्या वेळानं खाली आली. माझ्या डोळ्यांसमोरून पहिल्यांदा दोन बॅगा गेल्या. दुसऱ्या फेरीला पुस्तकांचं खोकं. तिसऱ्या फेरीला बाईंची व्हीलचेअर, रिकामी, ब्रेक लावलेली, सावकाश, एकेक मजला उतरत.

मी इथेच बसलो आहे.

८ एप्रिल, बुधवार. सकाळी १०

काल दुपारी दोनला घरी पोचलो. लिफ्ट सामान उतरवून लगेच बंद झाली.

संध्याकाळी हिनं सवयीनं दोन कप चहा केला आणि समोरच्या दारापर्यंत गेली. कुलूप बघून परत आली. दोन्ही कप माझ्यासमोर ठेवले. स्वतः प्यायली नाही.

आज सकाळी सांगितलं की वीस एप्रिलनंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा उतरणार, या खेपेला दुपारी चारलाच निघणार, वाटेत कोणाशी बोलणार नाही. ही म्हणाली, नाही. तुम्ही नाही उतरायचं. मी उतरणार.

आणि एक फॉर्म पुढे ठेवला. घर दोघांच्या नावावर करण्याचा. हिनं गेल्या आठवड्यातच आणून ठेवला होता, त्याच फिरण्यात, सुजलेल्या पायांनी. माझी जागा सोडून बाकी सगळं भरलेलं. अक्षर वळणदार. बाईंकडून भरून घेतलं असावं.

मी म्हणालो, यावर विचार करू, घरात दोनच मतं आहेत, बरोबरी झाली तर आहे तसंच राहतं. हिनं हात वर केला नाही. पेन उघडलं, माझ्या हातात दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. बोट पिशवीची दोरी ओढून ओढून खरखरीत झालंय. बांगडी नाही त्या हातात. कधीपासून नाही, ते मला माहीत आहे.

सही केली.

फॉर्म पिशवीतून खाली गेला. जावक क्रमांक घालायचा राहिला.